मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का पडतो?

खानापूरवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला असून बेळगावातील एका पतसंस्थेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो आहे. गणपती झाल्यावर, सप्टेंबरअखेरीस, आम्ही उभयता न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या मुलाकडे जाणार आहोत आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतणार आहोत. पत्नीला मधुमेह आहे, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते आणि फार वेळ एका जागी बसले की तिचे पाय सुजतात. त्यामुळे किती तास बसावे लागेल, हे नीट समजून घेतल्याशिवाय तिकिटे काढायची नाहीत असे मी ठरवले आहे.

मुलाने पाठवलेल्या थेट विमानाच्या वेळा अशा आहेत. जाताना मुंबईहून पहाटे २ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता न्यूयॉर्क. येताना न्यूयॉर्कहून दुपारी १२ वाजता निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी मुंबई. दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक धरला की जाण्यास १५ तास ३० मिनिटे आणि येण्यास १४ तास २० मिनिटे लागतात, असे तो सांगतो. अंतर मात्र दोन्ही वेळा साडेबारा हजार किलोमीटरच आहे. मग सव्वा तासाच्या आसपास पडणारा हा फरक कोठून आला?

दुसरे असे की, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. त्या न्यायाने आपले विमान पश्चिमेकडे उडत असताना खालचे न्यूयॉर्क आपल्या दिशेने सरकत यायला हवे आणि जाताना कमी वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात उलटेच दिसते.

तिसरी शंका मार्गाची. आमच्या घरातील भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्ककडे पट्टी लावली तर ती अरबस्तान आणि आफ्रिकेचा उत्तर भाग ओलांडून अटलांटिकमधून जाते. मुलाच्या फोनवर दिसणारा मार्ग मात्र पार आइसलँडपर्यंत वर चढून मग खाली उतरतो. एवढा वळसा कशासाठी? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

भूगोलशिक्षिका, बेळगाव

काका, तुमच्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती सुटली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. जो मार्ग तुम्हाला वळसा वाटतो तोच खरा जवळचा मार्ग आहे, आणि भिंतीवरच्या नकाशातील सरळ रेषा हाच लांबचा फेरा आहे.

आमच्या शाळेत मी हे पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन दाखवते. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरायचे. आधी दोरा नकाशातल्या रेषेप्रमाणे अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून ठेवायचा आणि मग दोन्ही टोके न सोडता तो हळूहळू ताणायचा. ताणू लागताच दोरा स्वतःहून वर सरकतो आणि टोकाशी बोटभर दोरा शिल्लक उरतो. पूर्ण ताणल्यावर तो सिंध-बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तानवरून मॉस्कोजवळून जातो, पुढे फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वेचा मधला भाग आणि आइसलँड ओलांडतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी पोहोचतो आणि मग कॅनडाच्या लाब्राडोरवरून न्यूयॉर्कला उतरतो. पाचवी-सहावीची मुले हे बघून थक्क होतात, आणि दर वर्षी कोणीतरी दोरा घट्ट धरून पुन्हा एकदा स्वतः ताणून बघतेच.

यामागचे कारण असे की, दोन रेखावृत्तांमधील अंतर विषुववृत्तावर सर्वांत जास्त, म्हणजे अंशाला सुमारे १११ किलोमीटर असते आणि ध्रुवाकडे जाऊ लागले की ते कमी होत जाते. ६० अंश अक्षांशावर ते निम्मे, म्हणजे जेमतेम ५६ किलोमीटर उरते. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आणि न्यूयॉर्क सुमारे ७४ अंश पश्चिम रेखांशावर असल्यामुळे आपल्याला जवळजवळ १४७ रेखांश ओलांडायचे असतात. ते जिथे एकमेकांच्या जवळ आलेले आहेत तिथून ओलांडणे साहजिकच फायद्याचे ठरते. भिंतीवरचा नकाशा हीच गोष्ट लपवतो, कारण त्यात ध्रुवाकडचे प्रदेश ताणून विषुववृत्ताइतके रुंद केलेले असतात.

तुम्ही हिशेबातले आहात, म्हणून आकडेमोडही देते. दोन ठिकाणांच्या अक्षांशांच्या ज्या (साइन) घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्यात अक्षांशांच्या कोज्या (कोसाइन) आणि रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार मिळवायचा. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा ४०.६४ धरला तर पहिला गुणाकार ०.२१३ येतो आणि दुसरा उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. एवढी कोज्या असलेला कोन सुमारे ११२.७ अंशांचा. प्रत्येक अंशाला १११.२ किलोमीटर धरले की अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर भरते. पृथ्वी अगदी तंतोतंत गोल नसल्यामुळे यात थोडाफार फरक पडतो, पण तो आपल्या कामाच्या दृष्टीने नगण्य आहे.

आता तुमच्या नकाशावरच्या सरळ रेषेने, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेले, तर अंतर किती होईल? तेही मी काढून पाहिले. ते सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. उत्तरेकडून जाण्यामुळे जवळपास १,७०० किलोमीटर, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या वेगाने उडणाऱ्या विमानाचे जवळजवळ दोन तास वाचतात.

---

सांबरा रोड

मी हवाई दलाच्या हवामान शाखेत नोकरी केली असून निवृत्तीनंतर बेळगावच्या विमानतळापाशी, सांबऱ्याजवळच स्थायिक झालो आहे. वाऱ्यांविषयी आणि पृथ्वीच्या फिरण्याविषयी मी लिहितो.

आधी पृथ्वीचे फिरणे. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. सांबऱ्याच्या धावपट्टीवर उभे असलेले विमानही त्याच वेगाने पूर्वेकडे चाललेले असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या भोवतालची हवाही तशीच पृथ्वीबरोबर फिरत असते. हवा जर मागे राहिली असती तर आपल्याकडे पूर्वेकडून ताशी १,६०० किलोमीटरचा वारा अष्टौप्रहर वाहिला असता आणि जमिनीवर झाडही उभे राहिले नसते. विमान उडते ते या हवेत, म्हणून त्याच्या वेळेचा हिशेब हवेच्या संदर्भातच करावा लागतो. विमान वर गेल्यावर पृथ्वी खालून निसटून जाते, ही कल्पना त्यामुळे लागू पडत नाही.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतोच, पण आडवाटेने. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानात जो मोठा फरक असतो त्यामुळे उंचावरची हवा ध्रुवाकडे जाऊ पाहते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तिची दिशा पूर्वेकडे वळते. यातूनच साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने ज्या थरात उडतात नेमक्या त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. इंग्रजीतल्याप्रमाणे आपणही त्यांना जेट स्ट्रीम म्हणतो. त्यांचा वेग ताशी १०० ते २०० किलोमीटर असणे नित्याचे आहे आणि हिवाळ्यात तो कधी कधी ३०० च्याही वर जातो.

आता हे आकड्यांत पाहू. वारा मुळीच नाही असे धरले तर ताशी ९०० किलोमीटर वेगाने १२,५३० किलोमीटरला १३ तास ५५ मिनिटे लागतील. संपूर्ण मार्गावर सरासरी फक्त ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या संदर्भात वेग ८५० होतो आणि वेळ १४ तास ४५ मिनिटांवर जाते. तोच वारा पाठीमागून आला तर वेग ९५० होतो आणि १३ तास ११ मिनिटे पुरतात. केवळ ५० किलोमीटरच्या सरासरी वाऱ्याने दीड तासाचे अंतर पडले. यात विमानाचे धावपट्टीकडे रांगेत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे आणि मार्गातील लहानमोठी वळणे यांचा पाऊण ते एक तास मिळवला की तुमच्या मुलाने सांगितलेल्या वेळा जवळजवळ जुळतात. वैमानिक जाताना जोरदार पट्टा टाळून बाजूने वाट काढतात आणि येताना शक्य तितका त्याच पट्ट्यातून प्रवास करतात, म्हणून दोन्ही वेळचा मार्गही तंतोतंत एकच नसतो. उत्तर अटलांटिकवरचे ठरावीक हवाई मार्ग तर वाऱ्यांचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात.

येथे एक बारकावा आहे. खानापूरच्या मलप्रभेत प्रवाहाविरुद्ध पोहून गेलेल्या माणसाने परत येताना सगळा गमावलेला वेळ भरून काढला असे वाटते, पण प्रवाहाविरुद्ध तो जास्त वेळ पाण्यात राहतो आणि प्रवाहासोबत कमी वेळ, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा थोडा जास्तच राहतो. वरच्या उदाहरणात दोन्ही फेऱ्यांची बेरीज २७ तास ५६ मिनिटे होते, तर वारा नसता ती २७ तास ५० मिनिटे झाली असती. वारा जितका जोरदार, तितकी ही तूट मोठी.

वारा काय करू शकतो याचे एक नोंदलेले उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाचे वादळ युरोपकडे सरकत असताना ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. त्या वेळी जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही भोवतालच्या हवेच्या संदर्भात ते नेहमीच्याच वेगाने उडत असल्यामुळे त्याने ध्वनीचा वेग मुळीच ओलांडला नव्हता.

थोडे विषयाच्या कडेने, पण आपल्या भागाशी जवळचे. पावसाळ्यात आपल्या दक्षिण भारतावर, याहून अधिक उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक वेगळा पट्टा असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणून वरचे वारे सर्वत्र आणि सदैव पश्चिमेकडूनच येतात असे समजू नये. तुमच्या प्रवासाचा बहुतेक भाग मात्र बराच उत्तरेला असल्यामुळे तेथे पश्चिमी वाऱ्यांचेच राज्य आहे.

---

खानापूरवासी

दोघांचेही मनापासून आभार. नातवंडांच्या पृथ्वीगोलावर मी लगेच दोरा लावून पाहिला आणि तो खरोखरच आइसलँडवर जाऊन बसला. आता प्रश्न उरतो तो थेट जावे की मध्ये उतरून जावे हा. मध्ये थांबले तर वाट फार वाकडी होते, म्हणून थेटच चांगले, असे इथले काही परिचित सांगतात.

---

निपाणीकर

मी निपाणीत विमान आणि रेल्वेची तिकिटे काढून देण्याचे काम करतो. वाट फार वाकडी होते हा समज इतका सर्वदूर आहे की त्याविषयी आकड्यांनिशीच बोलावे लागेल. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर. बेरीज होते १२,७४०, म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम २०० किलोमीटर जास्त. दुबईमार्गे गेलात तर १,९३० अधिक ११,०००, म्हणजे सुमारे १२,९३०. येथेही वाढ ४०० किलोमीटरचीच, म्हणजे अर्ध्या तासाहूनही कमी. जो वेळ वाढतो तो वाटेत नव्हे, तर विमानतळावर थांबण्यात जातो.

त्यातही थेट मार्ग सध्या कागदावर दिसतो तेवढा सरळ राहिलेला नाही. ताईंनी सांगितलेला दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची यादी पुन्हा एकदा पाहा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकेच्या आणि युरोपीय संघातील देशांच्या कंपन्यांना बंद झाली. त्यामुळे कोणत्या देशाच्या कंपनीचे विमान आहे यावरही वाट ठरते आणि वाट लांबली की वेळ वाढते. म्हणून किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवून, तुम्ही ज्या तारखेला जाणार त्याच आठवड्याच्या वेळापत्रकातील एकूण तास पाहावेत. वर्षभरापूर्वी शेजारच्या कोणाला किती वेळ लागला, यावर मुळीच विसंबू नये.

काकूंच्या पायांची सूज लक्षात घेता, माझे मत स्पष्ट आहे. जाताना मध्ये उतरून जावे. साडेपंधरा तास सलग बसण्याऐवजी नऊ-दहा तासांचा एक आणि आठ तासांच्या आसपासचा दुसरा टप्पा होतो, मध्ये तीन-चार तास चालता-फिरता येते. एकूण प्रवास लांबतो, पण एका बैठकीचा त्रास निश्चितच कमी होतो. चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागून घ्यावी. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा, म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. बेळगाव ते मुंबई हा भाग मात्र वेगळा धरून एक दिवस आधीच मुंबई गाठावी. ते हवाई अंतर केवळ ४०० किलोमीटर आहे खरे, पण पावसाळा सरता सरताही आपल्याकडे ढग खाली उतरतात आणि लहान विमानांना उशीर होतो. महामार्गाने कोल्हापूर, पुणे करत जायचे असेल तर रात्रभराचा प्रवास धरावा आणि मुंबईत पाठ टेकण्यापुरती सवड ठेवावी.

---

भूगोलशिक्षिका, बेळगाव

निपाणीकर दादांच्या म्हणण्याला माझाही दुजोरा आहे. इन्सुलिनच्या दृष्टीने मात्र तासांबरोबर दिवसाची लांबीही पाहावी लागेल, आणि ती फारशी कोणी लक्षात घेत नाही.

काका, तुमचे थेट विमान पहाटे दोनला निघून सकाळी आठला उतरते, म्हणजे घड्याळाप्रमाणे सहाच तास जातात. प्रत्यक्षात साडेपंधरा तास लोटलेले असतात. ६० अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने फिरतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाचा वेगही जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे प्रवासाच्या मधल्या टप्प्यात विमान रात्रीच्या सोबतीनेच उडत राहते आणि खिडकीबाहेरचा अंधार संपता संपत नाही. जातानाचा तुमचा दिवस एकूण साडेतेहेतीस तासांचा होतो. येताना उलट घडते आणि दिवस आखूड होतो.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. म्हणून सप्टेंबरमध्ये तुम्ही जाल तेव्हा न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असेल, पण डिसेंबरमध्ये परताल तेव्हा साडेदहा तास मागे. मुलाने येण्याचे १४ तास २० मिनिटे काढले आहेत ते साडेदहा तासांचा फरक धरून, आणि ते बरोबर आहे. साडेनऊ धरले असते तर १५ तास २० मिनिटे आले असते आणि आपला सगळाच हिशेब चुकला असता. परतीचा तुमचा दिवस त्यामुळे साडेतेरा तासांचाच भरेल.

या दोन आकड्यांचा, म्हणजे साडेतेहेतीस आणि साडेतेरा तासांचा, कागद करून काकूंच्या डॉक्टरांना दाखवा आणि प्रत्येक मात्रा कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे किती वाजता घ्यायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. स्वतःच्या अंदाजाने मात्रा पुढे-मागे करू नका. इन्सुलिन सामानाच्या पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मालकक्षात ते गोठून निकामी होण्याची शक्यता असते, आणि सुरक्षा तपासणीसाठी डॉक्टरांचे पत्र सोबत असू द्या.

---

सांबरा रोड

परतीविषयी एवढेच जोडतो. डिसेंबरमध्ये पश्चिमी वारे सप्टेंबरपेक्षा बरेच जोरात असतात आणि दक्षिणेकडे सरकून ते उत्तर भारतावरही आलेले असतात, म्हणून येतानाचे विमान वेळापत्रकाच्या आधी पोहोचण्याचा संभव चांगला आहे. त्या पट्ट्याच्या कडेला हवेत धक्के बसतात. आसनाचा पट्टा सैल सोडू नये, आणि काकूंना चालण्यासाठी उठायचे असेल तर पट्टा बांधण्याच्या सूचनेचा दिवा विझलेला असतानाच उठावे. परतीला थेट विमान घेण्यास माझी काही हरकत नाही.

---

खानापूरवासी

मग जाताना लंडनमार्गे आणि येताना थेट, असे नक्की करतो. सोमवारी डॉक्टरांकडे कागद घेऊन जातो आणि त्यांनी संमती दिली की निपाणीकरांना लगेच कळवतो.